कानातलं बटण

घरात लहान मूल असेल तर एखादा टेडी बेअर असतोच. कुणी वाढदिवसाला दिलेला, कुणी जत्रेतून आणलेला. पोरं त्याला कुशीत घेऊन झोपतात, कान धरून ओढत नेतात, महिन्याभरात त्याचा एक डोळा गायब होतो. हे अस्वल पहिल्यांदा बाजारात आणणाऱ्यांमध्ये एक बाई होती आणि तिला आयुष्यभर स्वतःच्या पायावर उभं राहता आलं नाही, हे मात्र फार थोड्या जणींना ठाऊक असतं. त्या बाईचं नाव मार्गारेट श्टाइफ. तिची कहाणी सांगायचं कारण नुसती तिची जिद्द नाही. आपल्या हातचा माल आपलाच म्हणून ओळखला जावा, यासाठी तिनं आणि तिच्या भाच्यांनी जी शक्कल लढवली, ती आज घरून मसाले, पापड, गोधड्या विकणाऱ्या प्रत्येकीनं समजून घ्यावी अशी आहे.

दक्षिण जर्मनीत ब्रेंत्स नदीच्या काठी गींगेन नावाचं लहानसं गाव आहे. तिथं २४ जुलै १८४७ रोजी मार्गारेटचा जन्म झाला. वडील बांधकाम करणारे. घरात दोन थोरल्या बहिणी, मागाहून एक भाऊ, फ्रित्झ. मार्गारेट दीड वर्षाची असताना तिला सडकून ताप आला. ताप उतरला, पण दोन्ही पाय लुळे पडले आणि उजवा हात जेमतेम हलायचा, तोही दुखत. हा पोलिओ असल्याचं पुढे कळलं. त्या काळी ना लस होती, ना औषध.

आई-वडिलांनी करता येईल ते केलं. ती नऊ वर्षांची असताना तिला लुडविग्सबर्गच्या डॉक्टरांकडे नेलं, पायाचं ऑपरेशन झालं, मग गरम पाण्याच्या झऱ्यांचे उपचारही झाले. गुण काही आला नाही. अशा मुलीचं पुढे कसं होणार, ही चिंता घराला लागून राहिली. त्या काळात बाईच्या जातीला लग्न हाच आधार आणि पांगळ्या मुलीशी लग्न करणार कोण?

मार्गारेट मात्र रडत बसणारी नव्हती. भावंडं आणि शेजारची पोरं तिला हातगाडीत बसवून शाळेत न्यायची. शाळेजवळ राहणारी एक बाई तिला उचलून वर्गात नेऊन बसवायची. मुलांचे खेळ लावायचे, भांडणं सोडवायची, लहानग्यांना रमवायचं, हे सगळं ती गाडीत बसूनच करी. शिवणाच्या शाळेत जायचा हट्ट तिनं धरला. उजवा हात साथ देत नसताना सुई धरायची म्हणजे चेष्टा नव्हे. पण सतरा वर्षांची होईतो तिनं शिवणकामाचं शिक्षण पूर्ण केलं. त्याच सुमारास तिनं मनाशी ठरवलं, की आता बरं होण्याची वाट बघत बसायचं नाही. आहे त्या शरीरानं काम करायचं.

उलटं लावलेलं मशीन

बहिणींबरोबर ती बायकांचे कपडे शिवू लागली. फावल्या वेळात झिथर हे तारेचं वाद्य ती मुलांना शिकवायची, त्यातूनही चार पैसे मिळत. मग घरात शिवणयंत्र आलं. गावातलं ते पहिलंच, असं सांगतात. पण मशीनचं चाक उजव्या हाताला आणि मार्गारेटचा धड हात डावा. तिनं काय करावं? मशीन उलटं फिरवून घेतलं आणि डाव्या हातानं चाक फिरवू लागली! कुणाला विचारलं नाही, की असं चालतं का म्हणून.

१८७४ मध्ये वडिलांनी घरातच बदल करून तिला शिवणकामाची खोली काढून दिली. नात्यातल्या एकांची फेल्टची गिरणी होती. फेल्ट म्हणजे लोकर दाबून केलेलं जाडसर कापड. कापलं तरी त्याचे दोरे निघत नाहीत, म्हणून काठ दुमडायची कटकट नाही. या कापडाचे परकर आणि मुलांचे कोट शिवून विकायला तिनं १८७७ मध्ये स्वतःचं दुकान काढलं. वय वर्षं तीस. माल खपू लागला तशी हाताखाली बायका ठेवाव्या लागल्या. जिची काळजी घराला होती, तीच आता चार घरांना काम देऊ लागली होती.

आणि मग आला हत्ती. एका फॅशनच्या मासिकात १८७९ च्या डिसेंबरात कापडी हत्तीचा नमुना छापून आला होता. मार्गारेटनं त्यावरून फेल्टचे छोटे हत्ती केले, आत मऊ लोकर भरली. सुया टोचून ठेवायला ही उशी बरी, म्हणून नात्यातल्या बायकांना भेट द्यायचे, एवढाच विचार. पण बायकांच्या हातातून ते हत्ती पोरांनी पळवले. त्या काळी खेळणी म्हणजे लाकूड, पत्रा, नाहीतर चिनीमातीच्या बाहुल्या, हातातून पडली की फुटणार. हा हत्ती मऊ, फुटत नाही, टोचत नाही, रात्री जवळ घेऊन झोपता येतो. फ्रित्झनं जवळच्या हायडेनहाइमच्या बाजारात हत्ती नेले, ते हातोहात खपले. १८८६ सालापर्यंत वर्षाला पाच हजारांवर हत्ती विकले जात होते. हत्तीमागोमाग माकडं, गाढवं, घोडे, डुकरं, उंट आले. फ्रित्झनं बांधलेल्या नव्या घरात दुकान होतं आणि मार्गारेटची चाकाची खुर्ची वर जावी म्हणून पायऱ्यांऐवजी उतार केलेला होता. १८९३ मध्ये खेळण्यांचा कारखाना म्हणून तिच्या उद्योगाची नोंद झाली.

मुलांच्या हातात द्यायचं ते उत्तमातलं उत्तमच, हा तिचा नियम होता. नव्या खेळण्याचा पहिला नमुना ती स्वतः शिवून बघायची. शिवण उसवते का, आतलं भरण बाहेर येतं का, मुलाला टोचेल असं काही राहिलं का, हे तिच्या नजरेतून गेल्याशिवाय माल पुढे जात नसे.

अस्वल आलं आणि नकलाही आल्या

फ्रित्झला सहा मुलगे. हे भाचे आत्याच्या अंगाखांद्यावर वाढले आणि मोठे होताच एकेक करून तिच्या कारखान्यात आले. त्यातला रिचर्ड चित्रकला शिकलेला, प्राणिसंग्रहालयात जाऊन अस्वलांची चित्रं काढत बसायचा. १९०२ मध्ये त्यानं एक अस्वल तयार केलं. बोकडाच्या मऊ केसांच्या लोकरी कापडाचं, हात, पाय आणि मान हलणारं. मार्गारेटला आधी याबद्दल शंका होती. कापड महाग, अस्वल मोठं, कोण घेणार? तरी तिनं भाच्याला अडवलं नाही. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत अस्वल मांडलं, तर कुणी फारसं बघेना. जत्रा संपता संपता एका अमेरिकन खरेदीदाराची नजर पडली आणि त्यानं एकदम ३००० अस्वलांची मागणी नोंदवली. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात १२००० अस्वलं विकली गेली, सुवर्णपदकही मिळालं.

अमेरिकेत अस्वलाची एवढी ओढ का? तिथल्या राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०२ मध्ये शिकारीत झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला होता. त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं आणि ते गाजलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रोझ आणि मॉरिस मिचटम हे नवरा-बायको मिठाईचं दुकान चालवत. त्यांनी कापडी अस्वल शिवून काचेत मांडलं आणि रूझवेल्ट यांच्या टेडी या लाडक्या नावावरून त्याला नाव दिलं. म्हणजे एकाच सुमारास दोन देशांत दोन कुटुंबं, एकमेकांना न ओळखता, अस्वलं शिवत होती. पण टेडी हे नाव ना मिचटम यांच्यापुरतं राहिलं, ना श्टाइफ घराण्याचं झालं. जो तो अस्वल करी तो त्याला टेडीच म्हणू लागला. जे नाव सगळ्यांच्या तोंडी वस्तूचंच नाव म्हणून बसतं, त्यावर एकाची मालकी राहत नाही. टेडी बेअरचं तसंच झालं.

इथे मार्गारेटची खरी अडचण लक्षात घ्या. हत्तीचा नमुना तर मासिकातून आलेला, तो कुणीही शिवावा. अस्वल ही काही कुणा एकाची मिरास नव्हे. नावही सगळ्यांचं. मग तिचं स्वतःचं उरलं काय? उरला तो हातचा नेटकेपणा, चांगलं कापड आणि लोकांचा विश्वास. आणि नेमक्या याच गोष्टी दुकानाच्या काचेतून दिसत नाहीत. शेजारी तसंच दिसणारं, हलक्या मालाचं, स्वस्त अस्वल मांडलं, की गिऱ्हाईक फसणार. घरी नेल्यावर आठ दिवसांत त्याचा हात निखळला, तर नाव कुणाचं खराब होणार? श्टाइफचंच!

तोवर कारखान्याच्या मालाला कागदाची चिठ्ठी लावत, त्यावर हत्तीचं चित्र. पण कागद तो कागद. वाटेत फाटतो, दुकानात गळून पडतो, कुणी मुद्दाम काढला तरी पत्ता लागत नाही. खूण अशी हवी की ती मालापासून सुटता कामा नये.

फ्रान्झची शक्कल

युक्ती काढली ती दुसऱ्या भाच्यानं, फ्रान्झनं. प्रत्येक प्राण्याच्या डाव्या कानात एक लहानसं निकेलचं बटण पक्कं ठोकायचं. काढायला जावं तर कानच फाटावा! १ नोव्हेंबर १९०४ पासून सगळ्या मालाला असं बटण लागेल, असं त्यांनी दुकानदारांना कळवलं. सुरुवातीच्या बटणांवर हत्ती होता, त्याची सोंड इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली. मग त्यावर श्टाइफ हे नावच आलं.

पण बटण लावून ही मंडळी थांबली नाहीत, हे महत्त्वाचं. नुसतं बटण काय, उद्या शेजारचाही लावील. म्हणून डिसेंबर १९०४ मध्येच त्यांनी या कानातल्या बटणाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी व्हावी असा अर्ज केला आणि १३ मे १९०५ रोजी ती नोंदणी झाली. त्यांच्या वेळेपर्यंत कायदाही सुधारला होता. जर्मनीत १८७४ चा पहिला कायदा फक्त चित्ररूप खुणांना संरक्षण देई आणि नोंद गावोगावच्या न्यायालयांत व्हायची. १८९४ च्या कायद्यानं शब्दांनाही संरक्षण मिळालं आणि सगळ्या देशाची नोंद बर्लिनच्या एकाच कार्यालयात होऊ लागली. त्यामुळे गींगेनसारख्या खेड्यातली खूण सगळ्या जर्मनीभर धरली जाऊ लागली.

परीक्षा लगेच झाली. न्यूरेंबर्गच्या बिंग या बड्या खेळणी कंपनीनं आपल्याही प्राण्यांच्या कानात धातूची खूण लावायला सुरुवात केली. श्टाइफनं हरकत घेतली आणि बिंगला आपली खूण कानातून काढून दुसरीकडे न्यावी लागली. गावातल्या कारखान्यानं मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीला मागे सरायला लावलं, ते भांडून नव्हे, तर वेळेवर केलेल्या नोंदणीच्या जोरावर.

या बटणामागे किती जणींची चूल होती बघा. १९०७ साली कारखान्यात ४०० माणसं होती आणि शिवाय १८०० जण घरी बसून शिवणकाम करून देत, त्यात बायकाच जास्त. त्या एका वर्षात सुमारे ९ लाख ७४ हजार अस्वलं तयार झाली. कारखान्याची काचेच्या भिंतींची इमारत १९०३ मध्ये उभी राहिली, आत काम करणाऱ्या मुली बाहेरून दिसत, म्हणून गावकरी थट्टेनं तिला कुमारिकांचं मत्स्यालय म्हणत. बाजारात नकली अस्वलं मोकाट सुटली असती, तर या मुलींची आणि घरोघरी शिवणाऱ्या त्या बायकांची मजुरीच बुडाली असती. व्यापारचिन्ह म्हणजे काही नुसत्या मालकाच्या तिजोरीची राखण नव्हे.

मार्गारेटनं १९०६ मध्ये उद्योगाची रीतसर कंपनी केली आणि भाच्यांना कारभारात घेतलं. फ्रान्झ मात्र १९०८ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी, ९ मे १९०९ रोजी, न्यूमोनियानं मार्गारेटचंही निधन झालं. वय ६१. लग्न नाही, मूलबाळ नाही, पण जगभरातल्या मुलांच्या अंथरुणात तिची खेळणी होती. कंपनी आजही गींगेनमध्येच आहे. जुनी खेळणी जमवणारे लोक श्टाइफचं अस्वल हातात आलं की आधी त्याचा कान बघतात, कारण बटणाच्या घडणीवरून ते कोणत्या काळातलं हे कळतं.

शंभर वर्षांनंतरचा निकाल

या गोष्टीला एक अलीकडचं शेपूटही आहे. २०१० मध्ये कंपनीनं सगळ्या युरोपीय संघासाठी एक अर्ज केला. बटणावर नाव असो वा नसो, खेळण्याच्या कानाच्या मध्यावर बटण असणं, हीच आमची खूण मानावी, अशी मागणी. ती नाकारली गेली. प्रकरण लक्झेंबर्गच्या न्यायालयात गेलं आणि १६ जानेवारी २०१४ रोजी निकाल कंपनीच्या विरुद्ध लागला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की कापडी खेळण्यांना बटणं आणि कापडी चिठ्ठ्या असतातच. साधा गिऱ्हाईक त्याकडे शोभेची वस्तू म्हणून बघतो, त्यावरून माल कुणाचा ते त्याला कळत नाही. म्हणजे मार्गारेटचं बटण काही खोटं ठरलं नाही. नावासकट ते आजही कानात आहे. पण नुसती जागा अडवून ठेवायला न्यायालयानं परवानगी दिली नाही. ज्या खुणेवरून गिऱ्हाईक करणाऱ्याला ओळखतं, तीच खूण कायदा राखतो.

मैत्रिणींनो, आपलं काय?

आपल्याकडे गावोगावी बायका एकट्यानं किंवा बचत गटातून काही ना काही करून विकतात. चव उतरते, नाव होतं, आणि मग कुणीतरी त्याच रंगाच्या पिशवीत तसल्याच नावानं माल आणतो. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आधीच चार गोष्टी कराव्यात.

पहिली, नाव निवडताना वस्तूचं वर्णनच नाव म्हणून देऊ नका. घरगुती मसाला, शुद्ध तूप, चविष्ट लोणचं अशी नावं सगळ्यांचीच, ती एकीच्या नावावर सहसा होत नाहीत. टेडीचं काय झालं ते आठवा. वेगळं, लक्षात राहणारं नाव घ्या आणि तसं नाव आधी कुणाचं नोंदलेलं नाही ना, हे तपासा. सरकारच्या संकेतस्थळावर हा शोध फुकट घेता येतो.

दुसरी, उद्योग नोंदणी किंवा अन्नपदार्थांचा परवाना असला म्हणजे नाव आपलं झालं, असं समजू नका. ते कागद वेगळे, व्यापारचिन्हाची नोंदणी वेगळी. आपला १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे आणि नोंदणीचं मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गामागे ४५०० रुपये शुल्क आहे. वर्ग म्हणजे मालाचा प्रकार. मसाले ३० व्या वर्गात, तयार कपडे २५ व्या, खेळणी २८ व्या.

तिसरी, धीर धरा. अर्ज तपासून तो पत्रिकेत छापला जातो, मग चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी झाली की ती दहा वर्षं चालते आणि नूतनीकरण करत राहिलं तर पुढेही. नोंदणी होईपर्यंत नावाशेजारी टीएम लिहिता येतं. गोलातलं आर हे चिन्ह मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचं, खोटं लावलं तर दंड होतो. नोंदणी नसली तरी वापरानं नाव कमावलं असेल तर कोर्टात दाद मागता येते, पण मग सगळा पुरावा आपल्याला द्यावा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासूनची बिलं, पिशव्यांचे नमुने, जाहिरातीचे कागद जपून ठेवा.

आणि चौथी गोष्ट, जी कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. मार्गारेटच्या कारखान्यात बटण कानात गेलं ते १९०४ मध्ये. त्याआधी जवळजवळ पाव शतक ती शिवण तपासत होती. माल तसा नसता, तर त्या बटणाची नक्कल करायला कोण कशाला गेलं असतं? तेव्हा आधी हाताला चव येऊ द्या, शिवण पक्की होऊ द्या. पण एकदा ती आली, की नाव नोंदवायला उशीर करू नका.